साठीनंतरची उमेदवारी

निवृत्तीच्या निरोपसमारंभात एक वाक्य हमखास ऐकू येते : "आता आराम करा." म्हणणाऱ्यांच्या मनात मायाच असते. थकलेल्या माणसाला आराम हवाच असतो; पण चार-सहा महिन्यांत थकवा उतरतो, आणि मग सकाळी उठून कुठे जायचे हा प्रश्न समोर उभा राहतो. केंद्र सरकारच्या नोकरीत साठाव्या वर्षी आणि राज्य सरकारच्या बहुतेक नोकऱ्यांत अठ्ठावन्नाव्या वर्षी माणूस निवृत्त होतो. त्यापुढेही अनेकांना काम करावे लागते, तर अनेकांना ते करावेसे वाटते. 'करावे लागते' हे घरात समजून घेतले जाते. 'करावेसे वाटते' असे म्हटले की मात्र मुले अवघडतात, शेजारी चौकशा करतात आणि आपण स्वतःही थोडे ओशाळतो. हा लेख त्या दुसऱ्या इच्छेविषयी आहे, आणि ती पूर्ण करण्यासाठी काय करता येते याविषयी.

माझी नोकरी पोस्टातली. तेहतीस वर्षांपैकी बहुतेक वर्षे जत, कवठेमहांकाळ आणि मिरज येथील काउंटरांवर गेली. बचत खाते, आवर्ती ठेव, मनीऑर्डर, निवृत्तिवेतन, वारसनोंद हाच माझा दिवसभराचा संसार होता. निवृत्तीच्या एक वर्ष आधी पत्नीला कंपवात असल्याचे निदान झाले. त्यामुळे निवृत्तीनंतर मी घरीच असणार, तिचे औषधपाणी पाहणार, हे न बोलताच ठरून गेले. तसा मी आठ महिने राहिलोही. तिची औषधे, व्यायाम, चालण्याचा सराव, जेवणाच्या वेळा सारे नियमित झाले. एके दिवशी तीच म्हणाली, "अहो, तुम्ही दिवसभर माझ्या हाताकडेच बघत बसता. त्यामुळे मला क्षणभरही विसरता येत नाही की मी आजारी आहे."

हे बोलणे मी गांभीर्याने घेतले. शुश्रूषा करणारा माणूस चोवीस तास एकाच खोलीत राहिला की त्याची चिंता आजारी माणसाच्या अंगावर चढते, आणि आजारी माणसाची असहायता त्याच्या. रात्री तिला कूस बदलायला मदत करावी लागे, त्यामुळे माझी झोप तुटे. दिवसा चिडचिड होई. माझा रक्तदाबही वर सरकू लागला होता. आम्हां दोघांनाही दिवसातले काही तास एकमेकांपासून दूर राहण्याची गरज होती. शिवाय तिच्याजवळ थांबायला बाई ठेवायची तर तिच्या पगाराची तजवीज निवृत्तिवेतनाबाहेरून होणे बरे होते.

कामाच्या शोधाला लागताना मी पहिली भेट घेतली ती आमच्या डॉक्टरांची. माणूस कामासाठी लायक आहे का, हे मालक पाहतो. ते काम माणसाच्या प्रकृतीला झेपणारे आहे का, हे पाहणारे दुसरे कोणी नसते. डॉक्टरांनी वजन, रक्तदाब, साखर, डोळे आणि कान तपासून घ्यायला सांगितले. रात्री झोप किती तास होते, लघवीसाठी किती वेळा उठावे लागते, एका जागी किती वेळ बसवते, जिने किती चढवतात, हे विचारले. मग त्यांनी हिशेब मांडून दिला : दिवसाला तीन-साडेतीन तासांहून अधिक नाही, रात्रपाळी मुळीच नाही, दर अर्ध्या तासाने उठून चार पावले चालायचे, आणि घरापासून फार लांब जायचे नाही. पत्नीच्या औषधाचाही हिशेब होताच. लेव्होडोपाची गोळी वेळेवर घेतली की तिचे काही तास बरे जातात. सकाळी साडेनऊ ते साडेबारा हा तिचा सर्वांत चांगला काळ. म्हणजे मला काम हवे होते ते त्याच वेळेत. अशा रीतीने काय करता येईल याच्या आधी काय करता येणार नाही हे स्पष्ट झाले, आणि त्याने शोधाचे निम्मे काम सोपे केले.

पहिल्या तीन महिन्यांत ज्या जागा समोर आल्या त्या सर्व 'निवृत्त माणसाला द्यायच्या' म्हणून ठरलेल्या होत्या. एका इमारतीवर रात्रीचा पहारा, एका कुरिअरवाल्याकडे पाकिटांची छाननी, एका पतसंस्थेची घरोघर फिरून वसुली. या कामांत कमीपणा काहीच नाही. ती करून घर चालवणाऱ्या ज्येष्ठांबद्दल मला आदर आहे. पण रात्रपाळी मला वर्ज्य होती, उन्हातली वसुली प्रकृतीला मानवणारी नव्हती. एका मध्यस्थाने तर कागदपत्रे न पाहताच 'नोंदणी शुल्क' मागितले. येथे वाचकांना एक गोष्ट आवर्जून सांगतो : नोकरी देण्यासाठी जो आधी पैसे मागतो, त्याच्यापासून दूर राहावे. ज्येष्ठांच्या हाती निवृत्तीची रक्कम असते हे अशा लोकांना ठाऊक असते. आधार क्रमांक, बँकेचे तपशील किंवा मोबाइलवर आलेला सांकेतिक क्रमांक अनोळखी माणसाला कोणत्याही कारणासाठी देऊ नये.

जाहिरातीत नसलेल्या कामाची कल्पना मला सुचली ती रुग्णालयाच्या रांगेत. मिरजेला दवाखान्यांचे गाव म्हणतात ते खोटे नाही. जत, अथणी, चिकोडी, जमखंडी, विजापूर अशा दूरदूरच्या गावांहून लोक पहाटेच्या गाडीने येतात. पत्नीच्या तपासणीसाठी मी ज्या धर्मादाय रुग्णालयात जात असे, तेथे वयस्कर माणसे एका खिडकीवरून दुसऱ्या खिडकीकडे फिरताना दिसत. कोणाच्या शिधापत्रिकेवरचे नाव आणि आधारवरचे नाव जुळत नसे. कोणाचा उत्पन्नाचा दाखला गावी राहिलेला. कोणाला कानडीशिवाय भाषा येत नसे. कोणाच्या बोटांच्या रेषा वयाने आणि कष्टाने पुसट झालेल्या, त्यामुळे यंत्र ठसा घेत नसे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेसाठी रुग्णालयात 'आरोग्यमित्र' असतो. परंतु त्याच्यापर्यंत कोणते कागद घेऊन जायचे हेच लोकांना माहीत नसे. धर्मादाय रुग्णालयांनी दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दराने राखून ठेवायच्या असतात, हेही फार थोड्यांना ठाऊक होते.

हे सारे मी तेहतीस वर्षे काउंटरच्या आतल्या बाजूने पाहिले होते. नावातला फरक कसा दुरुस्त होतो, कोणत्या कागदाची सत्यप्रत लागते आणि कोणत्याची मूळ प्रत, चिडलेल्या माणसाशी कसे बोलायचे, ऐकू कमी येणाऱ्याला कोणत्या बाजूने सांगायचे, हे मला येत होते. जतच्या वास्तव्यात कानडीही कामापुरती शिकलो होतो. मला हवे असलेले काम म्हणजे प्रवेशद्वाराजवळ एक टेबल, दोन खुर्च्या आणि सकाळचे तीन तास. अडचण एवढीच की अशी जागा त्या रुग्णालयात अस्तित्वातच नव्हती.

नसलेल्या जागेसाठी अर्ज कसा करायचा? अमेरिकेतील रिचर्ड बोल्स हे धर्मोपदेशक १९६८ साली नोकरी गमावून बसले आणि पुढे त्यांनी नोकरी शोधणाऱ्यांसाठी एक मार्गदर्शक पुस्तक लिहिले, जे १९७० साली प्रथम निघाले आणि कालांतराने जगभर वाचले गेले. त्यांच्या सांगण्याचा गाभा साधा आहे : जाहिरातींची वाट पाहण्याऐवजी आपल्याला काय येते आणि काय करायला आवडते हे आधी ठरवा, असे काम कुठे चालते ते शोधा, तेथे काम करणाऱ्यांशी बोला, आणि मग निर्णय घेऊ शकणाऱ्या माणसाला भेटा. हा सल्ला तरुणांइतकाच साठीतल्या माणसालाही लागू पडतो. किंबहुना अधिकच, कारण आपल्याला काय येते याचा पुरावा त्याच्यामागे असतो.

मी आधी निरीक्षण केले. तीन आठवडे पत्नीच्या तपासणीच्या दिवसांखेरीज आणखी पाच सकाळी मी रुग्णालयाच्या बाकावर बसलो आणि वहीत नोंदी केल्या : किती माणसे कागदाअभावी परत गेली, कोणता कागद सर्वाधिक अडला, कोणत्या खिडकीवर तेच तेच प्रश्न विचारले गेले. नावे लिहिली नाहीत, केवळ कारणे. मग एका पानाचे टिपण तयार केले. त्यात वरच्या भागात अडचणी, मधल्या भागात त्यावर मी काय करू शकतो, आणि शेवटी माझा अनुभव, वेळ व अपेक्षित मानधन. माझ्या पदांची, बदल्यांची, प्रशस्तिपत्रांची यादी जोडली नाही. समोरच्या माणसाला आपल्या गतकाळापेक्षा त्याच्या आजच्या अडचणीत रस असतो.

आता हे टिपण द्यायचे कोणाला? येथे ओळखी कामी आल्या, मात्र अपेक्षा होती त्या नव्हेत. जिवलग मित्रांनी, नातेवाइकांनी आपुलकीने विचारपूस केली; पण ते माझ्याच वर्तुळातले, त्यांना ठाऊक ते मलाही ठाऊक. वाट दाखवली ती एका अल्पबचत एजंट बाईंनी. वर्षानुवर्षे त्या महिन्याच्या ठरावीक दिवसांत आवर्ती ठेवींची यादी घेऊन माझ्या खिडकीवर येत. त्यापलीकडे आमची ओळख नव्हती. बाजारात भेट झाली, मी काय शोधतो आहे ते दोन वाक्यांत सांगितले, आणि त्या म्हणाल्या, "अहो, माझी भाची तिथेच समाजसेवा विभागात आहे. मी सांगते तिला."

मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने १९७३ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात नेमके हेच दाखवून दिले आहे. बॉस्टनजवळच्या एका गावात ओळखीतून नोकरी मिळालेल्यांना त्याने विचारले, की ज्याने वाट दाखवली तो माणूस तुम्हाला किती वेळा भेटत असे? वारंवार भेटणाऱ्याकडून काम कळलेले लोक सुमारे १७ टक्केच निघाले. उरलेल्या सर्वांना ते अधूनमधून किंवा क्वचितच भेटणाऱ्या माणसाकडून कळले होते. दूरच्या ओळखीचा माणूस दुसऱ्या वर्तुळात वावरतो, म्हणून त्याच्याजवळ आपल्याला न कळलेली बातमी असते. ज्येष्ठांपाशी अशा दूरच्या ओळखींचा साठा कोणाही तरुणापेक्षा मोठा असतो : जुने ग्राहक, मुलांचे शिक्षक, औषधवाले, ज्येष्ठ नागरिक संघातले, भजनी मंडळातले, बागेत फिरायला येणारे. आपण त्यांना काय सांगतो यावर सारे अवलंबून आहे. "काही काम असेल तर सांगा" म्हटले तर समोरचा मान हलवतो आणि विसरतो. "सकाळी तीन तास, रुग्णालयात, लोकांचे कागद नीट करून देण्याचे काम मला हवे आहे" असे म्हटले, तर ते त्याच्या लक्षात राहते.

समाजसेवा विभागातील बाईंनी टिपण वाचले, त्यांना ते पटले. प्रशासकांना पटले नाही. पहिल्या भेटीत उत्तर मिळाले, "अशी तरतूद नाही." दुसऱ्या रुग्णालयात वयाचे कारण पुढे आले, तिसऱ्यात 'स्वयंसेवक म्हणून या, मानधन नाही' असे सांगितले. सेवा विनामूल्य करण्यात मोठेपणा आहेच, परंतु मला पत्नीजवळच्या बाईंचा पगार द्यायचा होता, आणि तो माझ्या श्रमातून यावा अशी माझी इच्छा होती. नकार ऐकताना मन खट्टू होई, हे नाकारत नाही. काउंटरच्या या बाजूला उभे राहण्याची सवय व्हायला वेळ लागतो. तीन-चार नकारांनंतर रात्री छातीत धडधड होत असे. तेव्हा आठवडाभर शोध थांबवून केवळ फिरणे आणि झोप यांकडे लक्ष दिले. शोधालाही प्रकृती लागते. तो दमादमाने करावा.

दीड महिन्याने मी पहिल्याच रुग्णालयात पुन्हा गेलो. या वेळी मागणी लहान केली : चार आठवडे प्रयोग म्हणून बसू द्या, प्रवासखर्च तेवढा द्या, आणि शेवटी नोंदवही पाहून ठरवा. त्यांना नकार देण्याचे कारण उरले नाही. चार आठवड्यांत माझ्या टेबलाशी ४१२ माणसे येऊन गेली. निम्म्याहून अधिकांचे काम फक्त योग्य खिडकी सांगण्याने झाले. खिडक्यांवरच्या कर्मचाऱ्यांनीच प्रशासकांना सांगितले की सकाळची गर्दी निवळली आहे. पाचव्या आठवड्यात मला अर्धवेळ मानधनावर एक वर्षाचे पत्र मिळाले. शोध सुरू केल्यापासून तोवर चौदा महिने झाले होते.

त्यानंतर कामाने स्वतःच नवे विषय आणले. नोव्हेंबरमध्ये निवृत्तिवेतनधारकांना हयातीचा दाखला द्यावा लागतो. २०१४ पासून 'जीवन प्रमाण' या पद्धतीने तो डिजिटल देता येतो आणि बोटांचा ठसा उमटत नसेल तर आता मोबाइलवर चेहऱ्याच्या ओळखीनेही देता येतो. हे सांगितले की अनेक आजोबांची बँकेतली खेप वाचते. ऑक्टोबर २०२४ मध्ये ७० वर्षांवरील सर्वांसाठी, उत्पन्नाची अट न ठेवता, आयुष्मान भारत योजनेतून वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांची सोय जाहीर झाली, तेव्हा टेबलापुढची रांग दुपटीने वाढली. हे नियम मी दर महिन्याला नव्याने वाचतो. डोळ्यांना त्रास होतो, पण बुद्धीला चालना मिळते.

घरातला बदल अधिक मोलाचा वाटतो. मावशी सकाळी नऊला येतात. पत्नी त्यांच्याबरोबर गप्पा मारते, भाजी निवडते, अंगणात फेऱ्या घालते. मी एक वाजता घरी येतो तेव्हा तिला सांगण्यासारखे माझ्याजवळ काही असते आणि मला सांगण्यासारखे तिच्याजवळ. तिचा आजार हळूहळू पुढे सरकतोच आहे. माझ्या कामाने तो थांबणार नाही. पण आमचे बोलणे आता औषधांच्या वेळांपुरते उरलेले नाही. माझा रक्तदाब गोळीच्या जुन्याच मात्रेवर स्थिर आहे.

महर्षी धोंडो केशव कर्वे १९१४ साली फर्ग्युसन महाविद्यालयातून निवृत्त झाले आणि १९१६ साली, ५८ व्या वर्षी, त्यांनी महिला विद्यापीठाची स्थापना केली. ७१ व्या वर्षी ते विद्यापीठाच्या प्रचारासाठी परदेशदौऱ्यावर निघाले, आणि ७८ व्या वर्षी खेड्यांतील प्राथमिक शिक्षणासाठी त्यांनी नवी संस्था काढली. आपण कोणी कर्वे नाही. त्यांच्या उदाहरणातून घ्यायचे ते एवढेच की कोणी बोलावण्याची त्यांनी वाट पाहिली नाही. जपानमध्ये १९७५ पासून टोकियोत सुरू झालेली ज्येष्ठांची 'सिल्व्हर' मनुष्यबळ केंद्रे साठीपुढच्या लोकांना थोड्या वेळाची, हलकी, परिसरातलीच कामे मिळवून देतात. आपल्याकडेही केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय व अधिकारिता मंत्रालयाने १ ऑक्टोबर २०२१ रोजी ज्येष्ठांच्या पुनर्रोजगारासाठी 'सेक्रेड' हे संकेतस्थळ सुरू केले, आणि १४५६७ या 'एल्डरलाइन' क्रमांकावर ज्येष्ठांना मोफत मार्गदर्शन मिळते. तेथे चौकशी जरूर करावी. त्याबरोबर आपल्या गावातली शाळा, ग्रंथालय, दवाखाना, पतसंस्था यांच्या दारातही स्वतः जाऊन उभे राहावे.

शुश्रूषा करणाऱ्या वाचकांना शेवटी एक विनंती. घरातल्या ज्येष्ठाने "मला काहीतरी करायचे आहे" म्हटले, तर "तुम्हाला काय कमी आहे?" असे विचारू नये. कोणते काम, किती वेळ, कोणत्या वेळी, असे विचारावे, वही-पेन आणून द्यावे आणि डॉक्टरांची वेळ घ्यावी. आणि तुम्ही स्वतः कोणाच्या आजारपणामुळे काम सोडून घरी बसला असाल, तर आठवड्यातले मोकळे तास मोजा. थोडेच निघतील, पण शोध त्यांच्यापासूनच सुरू करता येतो.

माझे पत्र दर एप्रिलमध्ये नव्याने निघते. यंदा ते घेताना मी शनिवारची सुटी मागितली, कारण त्या दिवशी पत्नीचे फिजिओथेरपीचे सत्र असते. ती मिळाली. शनिवारच्या टेबलावर आता एक निवृत्त शिक्षिका बसतात. त्यांनीही एका पानाचे टिपण स्वतःच लिहून आणले होते.